‘शिक्षा’ म्हणून जाळलेलं शहर: १८९७ मध्ये बेनिनमध्ये नेमकं काय घडलं?

लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये जिना उतरून तळघरातल्या आफ्रिका दालनात गेलात, की पितळी फलकांच्या रांगाच्या रांगा समोर येतात. त्यांवर राजा आहे, त्याचे ढालकरी आहेत, शिकारी, बिबटे, मासे आहेत. लांब केसांचे, दाढीवाले पोर्तुगीजही आहेत. ओतकाम इतकं बारीक आहे, की राजाच्या गळ्यातल्या पोवळ्यांच्या माळा वेगवेगळ्या ओळखू येतात.

यांना जगभर ‘बेनिन ब्राँझ’ म्हणतात. सोशल मीडियावर कोहिनूरचा विषय निघाला, की कमेंटमध्ये कुणीतरी यांचं नाव घेतंच. ते लंडनला कसे पोचले याचं उत्तर इतिहासाच्या पुस्तकात एका ओळीत मिळतं: १८९७ ची ‘दंडात्मक मोहीम’.

दंडात्मक म्हणजे शिक्षा देण्यासाठी काढलेली. पण शिक्षा कुणाला झाली, कोणत्या गुन्ह्यासाठी झाली आणि ती ठरली कधी? तारखा लावून बघितल्या, तर या एका शब्दामागे बरंच काही दडलेलं दिसतं.

दंडात्मक मोहीम म्हणजे काय?

१९व्या शतकात युरोपातल्या साम्राज्यांची बरीचशी युद्धं आफ्रिकेत आणि आशियात झाली. त्यातल्या अनेकांना युद्ध म्हटलंच गेलं नाही. युद्ध दोन राष्ट्रांमध्ये होतं. त्यात घोषणा असते, तह असतो, काही नियम असतात. पण समोरच्याला आपल्या बरोबरीचं राष्ट्र मानायचंच नसेल, तर त्याच्याशी लढाई होत नाही, त्याला ‘धडा शिकवला’ जातो.

साधारण पद्धत ठरलेली असायची. एखादा अधिकारी, मिशनरी किंवा व्यापारी मारला जायचा किंवा पकडला जायचा. मग त्या भागात फौज पाठवली जायची. गुन्हेगार कोण हे शोधण्यात वेळ न घालवता गावं जाळली जायची, उभी पिकं आणि धान्याची कोठारं नष्ट केली जायची, गुरं हाकून नेली जायची, वर सामूहिक दंड बसायचा.

हे रागाच्या भरात घडायचं असंही नाही. ब्रिटिश लष्करी अधिकारी चार्ल्स कॉलवेल यांनी १८९६ मध्ये ‘स्मॉल वॉर्स’ नावाचं पुस्तक लिहिलं. अशा लढायांमध्ये शत्रूकडे पाडाव करण्यासारखी राजधानी किंवा हरवण्यासारखं नियमित सैन्य नसेल, तर त्याची गुरं, धान्य आणि गावं हेच लक्ष्य ठरतं, असा त्यांचा युक्तिवाद होता. हे पुस्तक अधिकाऱ्यांसाठी पाठ्यपुस्तकासारखं वापरलं गेलं. म्हणजे घरं जाळणं हा तंत्राचा भाग होता.

बेनिनची मोहीम या पुस्तकानंतर वर्षभरातच झाली.

बेनिन होतं कुठे?

आधी एक गोंधळ दूर करू. आज नकाशात ‘बेनिन’ नावाचा देश दिसतो, तो हा नव्हे. आपण बोलतोय ते बेनिनचं राज्य आजच्या नायजेरियाच्या दक्षिण भागात होतं. तिथले लोक एडो. राजाला म्हणतात ओबा. राजधानी बेनिन सिटी आजही नांदती आहे, ती नायजेरियाच्या एडो राज्याची राजधानी आहे.

हे राज्य जुनं होतं. १५व्या शतकाच्या शेवटी पोर्तुगीज तिथे पोचले, तेव्हा त्यांना शिस्तशीर दरबार, मोठी बाजारपेठ आणि मैलोन्‌मैल पसरलेले मातीचे बंधारे-खंदक दिसले. पोर्तुगीज मिरी, हस्तिदंत आणि गुलाम घ्यायचे आणि बदल्यात पितळी कडी द्यायचे. ही कडी वितळवून बेनिनचे ओतारी फलक आणि मुखवटे घडवायचे. मेणाचा नमुना करायचा, त्यावर मातीचा लेप द्यायचा, मेण वितळवून काढायचं आणि त्या पोकळीत धातू ओतायचा. आपल्याकडे डोकरा काम याच पद्धतीनं होतं.

ओताऱ्यांची वेगळी श्रेणी होती आणि ती थेट ओबांसाठी काम करायची. ओबा वारले, की नवा ओबा त्यांच्या नावानं वेदी उभारायचा, त्यावर पितळी मस्तक आणि कोरलेले हस्तिदंत ठेवायचा. राजवाड्यातल्या फलकांवर लढाया, विधी, दरबारातली माणसं होती. लिखित बखरी नसलेल्या या राज्यात हे फलकच इतिहास सांभाळत होते. म्हणून पुढे ते उचलून नेले गेले, तेव्हा नुकसान नुसतं पितळेचं झालं नाही.

भांडण कशावरून होतं?

व्यापारावरून.

१९व्या शतकात या किनाऱ्यावरून युरोपला पाम तेल जायचं. साबण, मेणबत्त्या, यंत्रांचं वंगण, सगळ्याला ते लागायचं. पुढे रबराचीही भर पडली. १८८४-८५ च्या बर्लिन परिषदेनंतर युरोपीय देशांमध्ये आफ्रिका वाटून घेण्याची शर्यत लागली आणि नायजर नदीच्या मुखाकडचा किनारा ब्रिटनच्या वाट्याला आला. तिथे ब्रिटननं ‘संरक्षित प्रदेश’ जाहीर केला.

अडचण अशी होती, की आतल्या प्रदेशातला माल स्थानिक राजे आणि दलाल यांच्या हातातून येत होता. आपल्या अटींवर व्यापार करणाऱ्या या लोकांना एकेक करून बाजूला काढलं गेलं. ओपोबोचे राजे जाजा यांना १८८७ मध्ये पकडून हद्दपार केलं. इत्सेकिरी व्यापारी-सरदार नाना ओलोमू यांच्या एब्रोहिमी गावावर १८९४ मध्ये आरमारानं हल्ला केला आणि पुढे त्यांनाही हद्दपार केलं.

बेनिनचे ओबा होते ओवोनरामवेन. १८९२ मध्ये ब्रिटिश उप-कॉन्सल हेन्री गॉलवे यांनी त्यांच्या दरबारात जाऊन एक करार करून घेतला. त्यात राज्य ब्रिटनच्या ‘संरक्षणाखाली’ आलं आणि सगळ्यांना खुला व्यापार मान्य झाला, असं ब्रिटिश म्हणत होते. त्या कागदातल्या अटींचा अर्थ दरबाराला कितपत समजावला गेला होता, यावर इतिहासकारांमध्ये आजही वाद आहे. एवढं मात्र खरं, की ओबांनी पुढेही आपल्या राज्यातल्या व्यापारावरचा ताबा सोडला नाही. काही वस्तूंचा व्यापार त्यांच्या परवानगीशिवाय होत नव्हता आणि वाद झाला, की ते बाजार बंद करायचे.

ब्रिटिश व्यापारी याला ‘अडथळा’ म्हणायचे.

हल्ल्याच्या आधी लिहिलेलं पत्र

१८९६ मध्ये या प्रदेशाचे प्रभारी कॉन्सल जनरल होते जेम्स फिलिप्स. तरुण होते, नवीन होते. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये त्यांनी लंडनला, पंतप्रधान आणि परराष्ट्रमंत्री लॉर्ड सॉल्सबरी यांना पत्र लिहिलं. ओबांना गादीवरून हटवण्यासाठी सशस्त्र मोहिमेची परवानगी त्यात मागितली होती. शिवाय ओबांच्या वाड्यात पुरेसं हस्तिदंत सापडेल आणि त्यातून मोहिमेचा खर्च भागेल, अशी आशाही त्यांनी व्यक्त केली होती.

तारीख लक्षात ठेवा: नोव्हेंबर १८९६. अजून कुणी मेलेलं नाही, कुठलाही ‘गुन्हा’ घडलेला नाही. पण राजाला हटवायचं आणि त्याच्याच घरातल्या मालातून खर्च वसूल करायचा, हा हिशोब कागदावर आलेला आहे.

लंडनहून उत्तर यायच्या आतच फिलिप्स निघाले. मोहीम पुढे ढकला असं लंडनचं म्हणणं होतं, पण ते पोचेपर्यंत उशीर झाला होता.

जानेवारी १८९७ च्या सुरुवातीला बेनिनमध्ये इग्वे हा राजघराण्याचा मोठा विधी सुरू होता. या काळात ओबा परक्यांना भेटत नसत. आत्ता येऊ नका, असा निरोप त्यांनी पाठवला. डोघो नावाच्या इत्सेकिरी सरदारानंही फिलिप्सना सावध केलं. तरीही ते पुढे गेले. बरोबर आणखी आठ युरोपीय आणि दोनशेहून जास्त आफ्रिकी हमाल होते.

४ जानेवारी १८९७ ला जंगलातल्या वाटेवर बेनिनच्या योद्ध्यांनी त्यांच्यावर हल्ला केला. फिलिप्ससह सात युरोपीय मारले गेले, दोघे जखमी अवस्थेत निसटले. हमालांपैकी बरेच मारले गेले किंवा पकडले गेले. हल्ल्याचं नेतृत्व ओलोगबोसेरे या सरदारानं केलं होतं. ओबांचा याला विरोध होता, पण काही सरदारांनी ऐकलं नाही, असं बेनिनची परंपरा सांगते.

नि:शस्त्र हमालांना मारणं हे कोणत्याही बाजूनं समर्थनीय नव्हतं. पण एक गोष्ट बघण्यासारखी आहे. मेलेल्या सात युरोपीयांची नावं लंडनच्या वर्तमानपत्रांत छापून आली. हमालांची नावं कुठेच आली नाहीत. ज्यांच्यासाठी सूड घ्यायचा होता, त्यांच्यात हे हमाल मोजलेच गेले नव्हते.

४५ दिवसांत राजधानी पडली

बातमी लंडनला पोचली आणि जे पत्र विचाराधीन होतं, त्याची गरजच उरली नाही. आता कारण मिळालं होतं.

मोहिमेची सूत्रं रिअर अॅडमिरल हॅरी रॉसन यांच्याकडे दिली गेली. वेगवेगळ्या ठिकाणांहून युद्धनौका गोळा झाल्या आणि सुमारे १,२०० जणांची फौज उतरली. त्यांच्याकडे मॅक्सिम मशीनगन, तोफा आणि रॉकेट होती. बेनिनच्या योद्ध्यांकडे मुख्यतः जुन्या ठासणीच्या बंदुका आणि तलवारी. जंगलात दिसेनासा शत्रू असला, की झाडीत मशीनगन फिरवून वाट मोकळी करायची, अशी पद्धत होती. त्यामुळे गोळी कुणाला लागली हे झाडणाऱ्यालाही कळत नसे.

१८ फेब्रुवारीला बेनिन सिटी पडली. हल्ल्यापासून मोजलं, तर अवघे ४५ दिवस. ओबा तोवर निसटले होते.

पुढचे काही दिवस फौज शहरात होती. राजमातेचा वाडा, सरदारांचे वाडे, पूजेच्या जागा जाळल्या-पाडल्या गेल्या. २१ फेब्रुवारीला आग भडकली आणि राजवाड्यासह शहराचा मोठा भाग खाक झाला. ही आग अपघातानं पसरली, असं ब्रिटिश अधिकाऱ्यांनी लिहून ठेवलं. ती आवाक्याबाहेर गेली हे खरंही असेल, पण घरं पेटवण्याचं काम आधीपासून चाललंच होतं.

ब्रिटिश बाजूचे किती मेले, याच्या नोंदी आहेत. बेनिनचे किती मेले, हे कुणी मोजलंच नाही.

आणि मग लूट

वाड्यात हस्तिदंत सापडलं, फिलिप्सनी म्हटलं होतं तसं. पण त्याच्यासोबत असं काही सापडलं, ज्याची युरोपला कल्पनाही नव्हती: शेकडो पितळी फलक, मस्तकं, घंटा, कोरीव हस्तिदंत, मुखवटे. वेद्यांवर ठेवलेल्या वस्तूही काढून घेतल्या.

काही माल सरकारी खात्यात जमा झाला, तर बराचसा अधिकाऱ्यांनी आपापसांत वाटून घेतला. एकूण वस्तू किती होत्या, याचे अंदाज ३,००० पासून १०,००० पर्यंत जातात. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ब्रिटिश म्युझियमनं सुमारे ३०० फलक लोकांना दाखवले. त्यातले सुमारे २०० तिथेच राहिले, बाकीचे विकले गेले. जर्मन संग्रहालयांनी जोरदार खरेदी केली, एकट्या बर्लिनच्या संग्रहालयात ५०० हून जास्त वस्तू जमा झाल्या. आज ब्रिटिश म्युझियमकडे बेनिनच्या ९०० हून अधिक वस्तू आहेत.

हे ओतकाम आफ्रिकी लोकांनीच केलं असेल, यावर तेव्हा अनेक युरोपीयांचा विश्वास बसेना. पोर्तुगीजांनी शिकवलं असेल, कुठून तरी बाहेरून आलं असेल, असे तर्क लढवले गेले. ज्यांना ‘रानटी’ म्हणून शिक्षा केली होती, त्यांच्याच घरात ही कला निघाली, हे पचायला अवघड होतं.

शिक्षा शेवटी कुणाला झाली?

ऑगस्ट १८९७ मध्ये ओबा ओवोनरामवेन स्वतःहून शरण आले. सप्टेंबरमध्ये खटला चालला. हल्ल्याचा आदेश ओबांनी दिला हे सिद्ध झालं नाही. तरीही त्यांना गादीवरून काढून कॅलाबारला हद्दपार केलं. जानेवारी १९१४ मध्ये ते तिथेच वारले. काही सरदारांना मृत्युदंड झाला. ओलोगबोसेरे दोन वर्षं जंगलातून लढत राहिले. त्यांच्या शोधात आणखी तुकड्या निघाल्या, आणखी गावं जळली. १८९९ मध्ये ते सापडले आणि त्यांना फाशी झाली.

आता क्रम लावून बघा. हल्ल्याचा प्रमुख आरोपी सापडला १८९९ मध्ये. शहर जळलं १८९७ च्या फेब्रुवारीत. खटला चालला सप्टेंबरमध्ये. म्हणजे शिक्षा आधी झाली, आरोपी नंतर उभे केले आणि शिक्षेचा सगळ्यात मोठा वाटा त्यांना मिळाला, ज्यांच्यावर कधी आरोपच ठेवला नव्हता.

‘पण तिथे नरबळी दिले जायचे ना?’

या विषयावरच्या कमेंटमध्ये हा प्रश्न हमखास येतो, आणि तो टाळण्यात अर्थ नाही.

बेनिनमध्ये राजविधींच्या वेळी नरबळी दिले जात होते. शहरात शिरलेल्या सैनिकांनी मृतदेह पाहिल्याचं लिहून ठेवलं आहे. आक्रमण जवळ येतंय म्हणून त्या दिवसांत बळींची संख्या वाढली असावी, असं काही इतिहासकार मानतात. बेनिननं गुलामांचा व्यापार केला, हेही खरं आहे.

मोहिमेतल्या एका अधिकाऱ्यानं लगेच पुस्तक लिहून बेनिनला ‘रक्ताचं शहर’ म्हटलं. वर्तमानपत्रांनी तेच उचललं. पण नोव्हेंबर १८९६ च्या त्या पत्रातला मुख्य मुद्दा व्यापार होता, आणि खर्च हस्तिदंतातून काढायचा होता. नरबळी थांबवायला निघालेल्या मोहिमेला वेदीवरची मस्तकं लिलावात विकायचं कारण नव्हतं. आधी ठरलेल्या कामाला नंतर सापडलेलं हे नैतिक कारण होतं.

बेनिन एकटं नव्हतं

या पद्धतीचे काही नमुने पाहू.

बीजिंग, १८६०: दुसऱ्या अफू युद्धात वाटाघाटींना गेलेल्या ब्रिटिश-फ्रेंच गटाला चिनी अधिकाऱ्यांनी पकडलं, त्यातले काही कैदेत छळानं मेले. ‘शिक्षा’ म्हणून लॉर्ड एल्गिन यांनी सम्राटाचा उन्हाळी राजवाडा जाळायला लावला. पण राजवाड्याची लूट त्याच्या कित्येक दिवस आधी झाली होती.

मगदला, १८६८: इथे आपला थेट संबंध येतो. इथिओपियाचे सम्राट तेवोद्रोस यांनी ब्रिटिश कॉन्सल आणि इतर युरोपीयांना ओलीस ठेवलं होतं. त्यांना सोडवायला रॉबर्ट नेपियर यांच्या नेतृत्वाखाली फौज निघाली. नेपियर तेव्हा मुंबई लष्कराचे सरसेनापती होते. मोठ्या संख्येनं सैनिक, सामान आणि तोफा ओढायला ४४ हत्ती मुंबईहून जहाजांनी गेले.

पहिल्या लढाईनंतर सम्राटांनी ओलिसांना सोडून दिलं. तरीही १३ एप्रिलला मगदलाच्या किल्ल्यावर हल्ला झाला, सम्राटांनी आत्महत्या केली, किल्ला जाळला गेला. लूट वाहून न्यायला १५ हत्ती आणि सुमारे २०० खेचरं लागली. वाटेत तिचा लिलाव झाला आणि ब्रिटिश म्युझियमचा माणूस खरेदीला हजर होता. सम्राटांच्या लहान मुलाला, राजपुत्र अलेमायेहूला, इंग्लंडला नेलं. १८७९ मध्ये वयाच्या १८व्या वर्षी तो तिथेच वारला.

या मोहिमेतल्या भारतीय सैनिकांचा नेहमीचा पगार भारताच्या तिजोरीतून द्यायचा, असं ब्रिटिश संसदेनं ठरवलं. दादाभाई नौरोजी यांनी १८६७ मध्येच लंडनमध्ये या खर्चावर निबंध वाचून भारतानं हा भार का उचलायचा, असा सवाल केला होता.

वायव्य सरहद्द, १८९७-९८: बेनिन पडल्यानंतर काही महिन्यांतच आजच्या पाकिस्तान-अफगाणिस्तान सीमेवर पठाण टोळ्यांचा उठाव झाला. मलाकंड आणि तिराहच्या मोहिमांमध्ये घरं पाडणं, विहिरी बुजवणं, झाडं तोडणं, पिकं जाळणं हे पद्धतशीर चाललं. या मोहिमांमध्ये तरुण विन्स्टन चर्चिलही होते आणि त्यांनी हे सगळं मोकळेपणानं लिहून ठेवलंय. एकाच्या गुन्ह्यासाठी सगळ्या टोळीला दंड करण्याची तरतूद सरहद्दीच्या १९०१ च्या कायद्यात होती. पाकिस्तानात तो कायदा २०१८ पर्यंत टिकला.

आजचा नामिबिया, १९०४: हेरेरो लोकांनी जर्मन सत्तेविरुद्ध उठाव केला. जनरल लोथार फॉन ट्रोथा यांनी त्यांना वाळवंटात हाकललं, पाण्याच्या जागा अडवल्या आणि ऑक्टोबरमध्ये हद्दीत दिसेल त्या हेरेरोला गोळी घालण्याचा लेखी आदेश काढला. सुमारे ८०,००० हेरेरोंपैकी बहुतेक मेले. पुढे नामा लोकांचेही हजारो बळी गेले. ‘शिक्षा’ या शब्दानं सुरू झालेली गोष्ट वंशसंहारापर्यंत पोचली. जर्मनीनं २०२१ मध्ये हे मान्य केलं.

त्याच वर्षी पुण्यात

१८९७ हे वर्ष महाराष्ट्राला वेगळ्या कारणानं आठवतं. २२ जून १८९७ ला, राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाच्या रात्री, चाफेकर बंधूंनी गणेशखिंडीजवळ प्लेग अधिकारी रँड यांच्यावर गोळी झाडली. लेफ्टनंट आयर्स्ट जागीच ठार झाले, रँड काही दिवसांनी गेले.

मारणारे कोण हे तेव्हा सरकारला माहीत नव्हतं. तरी पुण्यावर जादा पोलीस बसवले गेले आणि त्यांचा खर्च पुणेकरांकडून वसूल झाला. नातू बंधूंना १८२७ च्या जुन्या रेग्युलेशनखाली खटल्याशिवाय अटकेत ठेवलं. टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालून त्यांना १८ महिन्यांची शिक्षा झाली. दामोदर चाफेकर पकडले गेले त्यानंतर, ऑक्टोबरमध्ये.

बेनिनमध्ये जे घडलं त्याची तीव्रता पुण्यात नव्हती, पुणं जाळलं गेलं नाही. दोन्ही घटना एका मापानं मोजणं चूक ठरेल. पण क्रम ओळखीचा आहे: गुन्हेगार सापडण्याआधी गावाला शिक्षा, आणि शिक्षेचा खर्च गावाकडूनच.

तेव्हा कायदा नव्हता का?

होता, पण सगळ्यांसाठी नव्हता. १८९९ च्या हेग परिषदेत युद्धाचे नियम लिहिले गेले. ताब्यात घेतलेलं शहर लुटायचं नाही, व्यक्तींच्या कृत्यासाठी सगळ्या लोकसंख्येला दंड करायचा नाही, हे दोन्ही त्यात होतं. पण हे नियम करारावर सह्या करणाऱ्या देशांमधल्या युद्धापुरते होते. बेनिन, हेरेरो किंवा पठाण टोळ्या यांना सही करायला कुणी बोलावलंच नव्हतं.

नागरिकांना सामूहिक शिक्षा देणं, लूट आणि सूड यांवर १९४९ च्या चौथ्या जिनिव्हा करारानं स्पष्ट बंदी घातली. आज एखाद्या युद्धाच्या बातमीत ‘सामूहिक शिक्षा’ हा शब्द येतो, तेव्हा तो या कलमातून येतो.

मूर्ती परत येतायत का?

हळूहळू.

नायजेरिया स्वातंत्र्यापासून या वस्तू मागतो आहे. १९७७ मध्ये लागोसला मोठा आफ्रिकी कला महोत्सव झाला. त्याचं बोधचिन्ह होतं राजमाता इदिया यांचा हस्तिदंती मुखवटा. महोत्सवापुरताही तो ब्रिटिश म्युझियमनं दिला नाही.

२०१४ मध्ये मोहिमेतल्या एका अधिकाऱ्याचा नातू स्वतः बेनिन सिटीला गेला आणि घरात असलेल्या दोन वस्तू त्यानं ओबांच्या हवाली केल्या. २०२१ मध्ये केंब्रिजच्या जीझस कॉलेजनं पितळी कोंबडा आणि अॅबरडीन विद्यापीठानं ओबांचं मस्तक परत केलं. २०२२ मध्ये जर्मनीनं १,१०० हून अधिक वस्तूंची मालकी नायजेरियाला देण्याचा करार केला आणि डिसेंबरमध्ये पहिल्या २२ वस्तू पोचवल्या. लंडनच्या हॉर्निमन म्युझियमनं त्याच वर्षी ७२ वस्तूंची मालकी सोडली. २०२५ मध्ये नेदरलँड्सनं ११९ वस्तू परत दिल्या.

ब्रिटिश म्युझियमचं बोट मात्र १९६३ च्या कायद्याकडे आहे. संग्रहातल्या वस्तू देऊन टाकायला तो कायदा, मोजके अपवाद सोडले, तर परवानगी देत नाही.

परत आल्यावर वस्तू कुणाच्या, हाही प्रश्न आहे. २०२३ मध्ये नायजेरियाच्या राष्ट्राध्यक्षांनी त्यांची मालकी ओबांकडे दिली, तेव्हा या वस्तू सगळ्या जनतेच्या की राजघराण्याच्या, यावर तिथेच वाद झाला. अमेरिकेतल्या गुलामांच्या काही वंशजांचं म्हणणं आणखी वेगळं आहे. आमच्या पूर्वजांना विकून आलेल्या पितळेतून या मूर्ती झाल्या, मग आमचा हक्क कुठे गेला, असं ते विचारतात. हे प्रश्न खरे आहेत. पण ते सोडवायचे कुणी, हे लुटीचा माल बाळगणाऱ्यानं ठरवावं का, हाही प्रश्न तेवढाच खरा आहे.

बेनिन सिटीत इगुन नावाचा ओताऱ्यांचा रस्ता आजही आहे. तिथे आजही मेणाचे नमुने होतात, माती लिंपली जाते, पितळ ओतलं जातं. पूर्वजांनी घडवलेले बहुतेक मूळ नमुने मात्र तिथल्या कारागिरांना फोटोतच बघावे लागतात.

त्यामुळे पुढच्या वेळी इतिहासात, संग्रहालयातल्या पाटीवर किंवा आजच्या बातमीत ‘धडा शिकवण्यासाठी’ केलेली कारवाई असं वाचलंत, तर बेनिनच्या तीन तारखा आठवून बघा. कारवाईचं पत्र नोव्हेंबर १८९६, हल्ला जानेवारी १८९७, खटला सप्टेंबर १८९७. शहर जळालं ते खटल्याच्या सात महिने आधी.